भोकरचे दप्तर

नांदेडच्या पूर्वेस, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले भोकर हे तालुक्याचे गाव राजधान्यांच्या आणि रणांगणांच्या इतिहासात क्वचितच डोकावते. परंतु राज्यकर्ते आणि राज्यपद्धती बदलल्या म्हणजे सामान्य रयतेच्या पदरात नेमके काय पडते, याचा शोध ज्याला घ्यावयाचा असेल त्याने अशाच एखाद्या गावाच्या तहसील कचेरीचे दप्तर उघडावे हे उत्तम. दीडशे वर्षांच्या आतच या दप्तराची भाषा फारसीची उर्दू झाली, उर्दूची मराठी झाली, आणि आता ते दप्तर बस्त्यातून उठून संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसले आहे. या प्रत्येक स्थित्यंतरात दप्तराचे दार काहींसाठी उघडले आणि काहींसाठी लागले. नगरपरिषदेच्या, पंचायतीच्या आणि महसूल खात्याच्या संगणकीय सेवा अंध, बधिर, अधू हाताच्या वा मंद आकलनाच्या नागरिकालाही स्वतःच्या बळावर वापरता याव्यात, ही जी मागणी आज कायद्याने मान्य केलेली आहे, ती पाश्चात्य देशांतून आलेली एक नवी तांत्रिक टूम आहे असे पुष्कळांना वाटते. भोकरच्या इतिहासाच्या उजेडात पाहिले असता ती टूमही नाही आणि नवीही नाही.

निजामी अमदानीतील खेड्यात सरकारचे अस्तित्व प्रथम कानाला जाणवत असे. सारा भरण्याची ताकीद, जमाबंदीसाठी येणाऱ्या अंमलदाराचा मुक्काम, लिलावाचा दिवस, साथीच्या रोगाचा इशारा, हे सारे दवंडीने गावात फिरे. आणि हक्काच्या, हिश्शाच्या वा वहिवाटीच्या गोष्टी चावडीवर माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी यांच्या समक्ष बोलून होत. १९०१ च्या खानेसुमारीत हैदराबाद संस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. अशा प्रदेशात राज्यकारभाराला वाचा असणे ही कोणाची मेहेरबानी नसून कारभाराचीच निकड होती. या व्यवस्थेत डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला डोळस शेजाऱ्याहून सरकारी वार्ता कमी कळत असे असे नाही. मात्र एवढ्यावरून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दवंडी देणारा मनुष्य ज्या जातीचा असे त्या जातीला चावडीच्या ओट्यावर बसण्याची मुभा नव्हती, स्त्रियांना तेथे स्थान नव्हते, आणि ज्याला ऐकू येत नसे त्याच्या कानावर सरकारचा हुकूम घालण्याची तजवीज कोणत्याही कायद्यात नव्हती. बोलका कारभार हा काहींना सुगम आणि काहींना दुर्गम होता, इतकेच म्हणणे न्याय्य ठरेल.

संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून संस्थानचा महसुली कारभार नव्या चौकटीत बसविला. अव्वल तालुकदार, तहसीलदार, पेशकार, गिरदावर अशी अधिकाऱ्यांची उतरंड उभी राहिली, मक्तेदारांच्या हाती असलेली वसुली पगारी नोकरांकडे आली, आणि तोंडी चालणारा पुष्कळसा व्यवहार मिसलीत शिरला. सुधारणा म्हणून तिचे मोल मोठे आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु ज्या दिवशी कारभार कागदावर गेला त्या दिवसापासून कागद कोणत्या भाषेत आहे हा रयतेच्या जिव्हाळ्याचा प्रश्न बनला. दुसऱ्या सालारजंगांच्या काळी, १८८४ साली, फारसीच्या जागी उर्दू ही राज्यभाषा झाली. संस्थानात उर्दू मातृभाषा असणारे शेकडा दहाच्या आसपास आणि मराठी बोलणारे शेकडा सव्वीसच्या आसपास; तेलुगू भाषकांची संख्या तर याहूनही कितीतरी अधिक. भोकरचा कुणबी घरी मराठी बोले, मुधोळकडच्या बाजारात कामापुरते तेलुगू समजून घेई, आणि तहसिलीत त्याच्या शेताचा, त्याच्या कर्जाचा, त्याच्या फिर्यादीचा मजकूर मात्र उर्दूत आणि आजूर, दै, बहमन अशा महिन्यांच्या फसली तारखांनी लिहिला जाई.

याचा परिणाम असा झाला की, ज्याची दृष्टी शाबूत, ज्याची बुद्धी तल्लख, आणि जो कदाचित मोडी वा बाळबोध वाचूही शकत होता, असा मनुष्यदेखील स्वतःच्या सातपिढ्यांच्या जमिनीचा दाखला हाती धरून अर्जनवीसाच्या चटईपुढे बसे, आणि त्याने जे वाचून दाखविले ते खरे मानून त्याने दाखविल्या जागी अंगठा उठवी. अर्जनवीस प्रामाणिक असला तर काम होई. नसला तर जमीन जाई. त्या कुणब्याच्या डोळ्यांत काही उणे नव्हते. उणे होते ते दप्तराच्या मांडणीत. अंगवैकल्य आणि असमर्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली देहाची असते आणि दुसरी पुष्कळदा भोवतालच्या व्यवस्थेने लादलेली असते, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या अपंगांच्या चळवळींनी मांडले. भोकरच्या रयतेने ते तत्त्व म्हणून कधी उच्चारले नसेल. पण संबंध तालुक्याने ते अनेक दशके भोगले होते.

आणि ज्यांच्या देहातच वैगुण्य होते त्यांचे काय? सरकारला ते मोजण्यापुरते ठाऊक होते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ पासून, आणि हैदराबाद संस्थानात १८८१ च्या पहिल्या खानेसुमारीपासून, अंध, मूकबधिर, वेडे आणि महारोगी अशा चार सदरांखाली माणसे नोंदली जात. १९३१ नंतर ही सदरेही गळाली, आणि पुढे कित्येक दशके ही माणसे गणतीतूनही नाहीशी झाली. सांभाळ करावयाचा तो कुटुंबाने, नाही तर दर्ग्याच्या वा देवळाच्या पायरीने. मुंबईत १९०० च्या आगेमागे अंधांच्या शाळा निघाल्या, पुण्यात १९३४ साली अंधशाळा स्थापन झाली. पण भोकरच्या आंधळ्या मुलाला मुंबई आणि पुणे ही दोन्ही परराज्यातली गावे होती. त्याला जवळ पडेल असे एकच मोठे स्थान संस्थानात उभे राहिले, ते १९१५ साली निझामाबादजवळ डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती यांनी काढलेले महारोग्यांचे रुग्णालय. गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने नांदेड-मुदखेडकडची माणसे तेथे पोहोचू शकत. तेथे उपचार होता, आसरा होता, माणुसकी होती. परंतु बरा होऊन परतलेला रोगी कचेरीत गेला असता झडलेल्या बोटांनी अंगठा कसा उठवील, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. शंभर वर्षांनी तोच प्रश्न अंगठ्याच्या यंत्रापुढे पुन्हा उभा राहणार होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळचा बहुतेक भाग आदिलाबादकडे गेला, किनवट नांदेडकडे आले, आणि मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. दप्तराचे भाषांतर ही या राजकीय घडामोडींची संथ आणि अप्रसिद्ध बाजू होय. १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक आजही मराठवाड्यातील जमिनीच्या तंट्यात मुळाचा पुरावा म्हणून मागितले जाते, याचे कारण जुन्या आणि नव्या दप्तरांच्या सांध्यावरच ते उभे आहे. पुढे जिल्हा परिषदा व पंचायत समित्या १ मे १९६२ पासून कामास लागल्या, राजभाषा अधिनियम १९६४ साली संमत होऊन १९६५ पासून मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि त्याच वर्षी नगरपरिषदांचा कायदा झाला. भोकरचे प्रतिनिधित्व करणारे शंकरराव चव्हाण १९७५ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा ज्या तालुक्याला एकेकाळी तहसिलीतला कागद वाचता येत नव्हता, त्या तालुक्याचा प्रतिनिधी मंत्रालयातील कागदावर मराठीत सही करू लागला होता. उर्दू दप्तराने लादलेली असमर्थता भाषा पालटताच ओसरली. आणि जी व्यवस्थेने निर्माण केलेली असते ती व्यवस्था पालटल्याने दूर होते, याचा याहून ठसठशीत दाखला शोधण्याची गरज नाही.

परंतु मराठी झालेले दप्तरही डोळ्यांनीच वाचावयाचे होते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकसमान ब्रेल लिपी ठरली, १९५२ साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था निघाली, तरी सातबाराचा उतारा वा घरपट्टीची मागणी ब्रेलमध्ये द्यावी अशी कल्पना महसूल खात्याला शिवली नाही. १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि अपंगाचे नाव प्रथमच तालुक्याच्या दप्तरात नियमित लाभार्थी म्हणून चढले. लाभ मिळू लागला. तो मिळविण्याची वाट मात्र अर्ज, दाखला, हयातीचा दाखला, पुन्हा अर्ज अशा दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालावयाच्या टप्प्यांचीच राहिली.

संगणक आला तेव्हा ही वाट सुकर होईल अशी आशा बाळगण्यास जागा होती. वारणेच्या परिसरात १९९८ साली गावे संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने नव्या शतकाच्या आरंभी नागरी सुविधांचे संगणकीकरण करून दाखविले, तालुकोतालुकी सेतू केंद्रे निघाली, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखला ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. वस्तुतः संगणकातील अक्षर हे कागदावरील अक्षराहून अधिक मोकळे असते. ते मोठे करता येते, त्याचे ब्रेल करता येते, आणि मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली आरंभिलेल्या आणि पुढे जेम्स तेह या त्याच्या अंध सहकाऱ्याच्या मदतीने वाढलेल्या एनव्हीडीए या विनामूल्य वाचकप्रणालीने ते मराठीतून ऐकताही येते. दवंडीच्या काळानंतर कारभाराला पुन्हा वाचा फुटण्याची ही पहिलीच संधी होती, आणि या खेपेस ती वाचा ज्याला कानांनी ऐकू येत नाही त्याला लिखित रूपानेही मिळू शकत होती.

ती संधी कशी दवडली गेली, हे पाहण्यासारखे आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा असताना कित्येक कार्यालयांत वर्षानुवर्षे जुन्या टंकांचाच वापर चालू राहिला. त्या टंकांत पडद्यावर दिसणारा ‘क’ संगणकाच्या लेखी रोमन लिपीतील एखादे अक्षर वा चिन्ह असतो. त्यामुळे डोळस माणसाला जे स्वच्छ मराठी परिपत्रक दिसते तेच अंधाच्या वाचकप्रणालीला अर्थहीन अक्षरांची रास वाटते. दुसरी खोड छायाप्रतीची. सहीशिक्क्याचा कागद यंत्रात घालून त्याचे चित्र संकेतस्थळावर चढविले की माहिती प्रसिद्ध झाली, असे कचेरी मानते. वाचकप्रणालीला त्या चित्रात एक शब्दही सापडत नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार मिळविण्यासाठी तहसिलींची धावपळ उडाली. दप्तराची लिपी न कळणे म्हणजे काय, हे त्या काही महिन्यांत डोळस आणि सुशिक्षित अधिकाऱ्यांनीही अनुभवले. अंध नागरिकाची शासकीय छायाप्रतीपुढची अवस्था रोज हीच असते. त्याच्यासाठी जाणकारांचे पथक मात्र नेमले जात नाही.

बाकीचे अडसर सेवेगणिक निरनिराळे आहेत. आपण मनुष्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी चित्रातील वाकडी अक्षरे ओळखावयास लावणारी चौकट अंधाला माणसांतून वगळते. मिनिटभरात मुदत संपणारा सांकेतिक क्रमांक ज्याचे हात कापतात त्याला गाठता येत नाही. ज्या अर्जातील रकान्यांना प्रणालीच्या अंतरंगात नावच दिलेले नाही, त्यात कोणत्या जागी काय भरावे ते कानांनी कळत नाही. ध्वनिचित्रफितीतून दिलेली सूचना उपशीर्षकांवाचून बधिराच्या कामाची नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून आपल्या पिकाचे छायाचित्र काढून पाठवावयाचे असते. अंध शेतकऱ्याने कापूस स्वतः लावला आणि स्वतः वेचला, तरी त्याची नोंद त्याला स्वतः करता येणे कठीण. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि पुढे रास्त भावाच्या दुकानात बोटांचे ठसे ही ओळखीची खूण झाली. महारोगाने ज्याची बोटे झडली, किंवा आयुष्यभराच्या मजुरीने ज्याच्या रेषा पुसल्या गेल्या, त्याच्यासाठी अपवादाची तरतूद नियमात आहे, पण ती दुकानदाराच्या आणि यंत्राच्या मर्जीपर्यंत पोहोचावी लागते. या सर्व ठिकाणी शेवटी कोणी तरी मधला माणूस उभा राहतो. तो आपला पासवर्ड विचारतो, आपल्या खात्यातील रक्कम पाहतो, आपल्या आजाराचा दाखला वाचतो. अर्जनवीसाची चटई गेली आणि संगणकचालकाची खुर्ची आली. परस्वाधीनतेत फरक पडला नाही.

कायद्याने या प्रश्नाची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या पहिल्या अधिनियमाचा भर शिक्षण, राखीव जागा आणि इमारतीतील उतरणी यांवर होता. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या आणि भारताने २००७ साली मान्य केलेल्या, दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या करारनाम्यानंतर दृष्टी बदलली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता देऊन माहिती व संपर्काची साधने सुगम असणे हा हक्क ठरविला. सेवा देणाऱ्या प्रत्येक शासकीय व खाजगी संस्थेने नियम निघाल्यापासून दोन वर्षांत आपल्या सेवा सुगम कराव्यात, असे त्यात म्हटले. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत जून २०१९ मध्ये सरली. ती नुसती सरली याचे एक कारण नियमांच्या भाषेतच होते, आणि ते सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी उघड केले: मूळ कायदा ज्याला बंधन म्हणतो त्याला नियम १५ (१) केवळ शिफारस म्हणून वागवितो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे. या निर्णयास आधारभूत ठरलेला अहवाल हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील अभ्यासकांनी सिद्ध केला होता. ज्या शहरातून एकेकाळी भोकरच्या तहसिलीला न कळणाऱ्या भाषेतले हुकूम येत, त्याच शहरातून सुगमतेचा हा पाठपुरावा व्हावा, हा योगायोग इतिहासाच्या वाचकाला सुखावून जातो. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना त्याच न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हे जीविताच्या मूलभूत हक्काचे अंग मानले, आणि सेवेची नियतकालिक तपासणी व्हावी व चाचणीत अंध व्यक्तींचा सहभाग असावा, असे बजावले.

अन्य देशांतही स्थानिक शासनांना हे काम सुचले ते सक्तीनंतरच. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने संकेतस्थळांच्या सुगमतेची पहिली मार्गदर्शिका १९९९ साली प्रसिद्ध केली. तरी युरोपीय संघाने सार्वजनिक संस्थांना ती बंधनकारक करण्यास २०१६ उजाडले, आणि अमेरिकेच्या न्यायखात्याने राज्ये, परगणे व नगरे यांना नेमके मानक लावून दिले ते एप्रिल २०२४ मध्ये. त्या अमेरिकी नियमात पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या गावांना अधिक मुदत दिलेली आहे. लहान नगरपालिकेची ऐपत मोठ्या शहराएवढी नसते हे त्यात मान्य केले आहे, पण लहानपण ही सूट मात्र मानलेली नाही. आपल्याकडे हा विवेक अधिकच उपयोगी पडेल. भोकरसारखी नगरपरिषद स्वतःची प्रणाली स्वतः घडवीत नाही; ती राज्याने पुरविलेली वा निविदेने ठेकेदाराकडून घेतलेली असते. म्हणून एकाच प्रणालीतील एक दोष शेकडो गावांत पसरतो, आणि तोच दोष एकदा काढला तर शेकडो गावांतून निघतो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे सुगमतेचे मानक २०२१ पासून उपलब्ध आहे, शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शिका २००९ पासून आहे आणि २०२३ साली तिची तिसरी आवृत्ती निघाली आहे. निविदेत त्यांचे पालन ही अट घालणे आणि अट पुरी झाल्यावाचून देयक मंजूर न करणे, एवढा अधिकार लहानातल्या लहान नगरपरिषदेलाही आहे.

त्याखेरीज काही कामे अशी आहेत की ज्यांना निविदाही लागत नाही. सूचना युनिकोडमध्ये लिहून अक्षररूपातच प्रसिद्ध करावी आणि सहीची छायाप्रत हवी असल्यास सोबत जोडावी. चित्राखाली त्याचे वर्णन द्यावे. घरपट्टीची मागणी सोप्या वाक्यांत आणि ठळक अक्षरांत असावी. जे पडद्यावर जमत नाही त्यासाठी दूरध्वनीचा वा खिडकीचा पर्याय अधिकृतपणे खुला ठेवावा. महसूल खात्याने २०१७ साली संगणकीकृत सातबारातील चुका शोधण्यासाठी गावोगाव चावडीवाचनाची मोहीम काढली होती. जे डोळ्यांना पडद्यावर निसटले ते कानांनी पकडले जावे हाच तिचा हेतू होता, आणि ती परंपरा टिकविण्याजोगी आहे. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के हिस्सा दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो, आणि त्यातून साहाय्य, साधने वाटली जातात. परंतु सुगमता ही त्या निधीतून द्यावयाची खिरापत नव्हे. रस्ता बांधताना जसा त्याचा उतार खर्चातच धरलेला असतो, तसा तिचा खर्च सेवेच्या मूळ अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले, आणि वार्धक्याने दृष्टी व श्रवण मंदावलेल्यांची गणना त्यात धरलेली असतेच असे नाही. तेव्हा हा मूठभरांचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही.

१८८४ ते १९६५ ही एक्याऐंशी वर्षे भोकरच्या रयतेने स्वतःच्या दप्तरात परके राहून काढली, आणि त्या दीर्घ विलंबाचे उत्तरदायित्व तिच्यावर नव्हते. दप्तराची भाषा ठरविताना तिला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची प्रथाच त्या राज्यात नव्हती. १९९५ पासून आजवर गेलेल्या काळाविषयी असे म्हणता यावयाचे नाही. कायदा संसदेने केला आहे, त्याचा अर्थ न्यायालयाने सांगितला आहे, मानक छापून तयार आहे, आणि प्रणालीच्या खरेदीचा ठराव लोकांनी निवडून दिलेले सदस्य हात वर करून संमत करतात. यापुढे जो अंध नागरिक घरपट्टीच्या पावतीसाठी परक्याच्या हाती आपला पासवर्ड देईल, त्याच्या परस्वाधीनतेचा दोष फारसीवर, उर्दूवर वा दूरच्या दरबारावर टाकता येणार नाही. तो त्या ठरावावर सह्या करणाऱ्यांचा असेल, आणि मतदार म्हणून थोडासा आपलाही.